बूच कोणाकडे होतं

फ्रिज सपाट जागेवर सरळ उभा नसेल तर तो थंड होत नाही, हे मला दहाव्या वर्षी ठाऊक होतं. तेव्हा बऱ्हाणपुरात आमच्या ओळखीच्या एकाही घरात फ्रिज नव्हता. आमच्याकडचा फ्रिजही आमचा नव्हता, तो एका राजाच्या नावेतला होता आणि घासलेटवर चालायचा. तळाशी बुटकी टाकी, तिच्यात वात, मागून वर गेलेलं बारीक धुराडं. खाली आग लावायची आणि वर बर्फ व्हायचा. राजघाटावर येणारा जाणारा हे ऐकून आधी हसायचा, मग दार उघडून आत हात घालायचा आणि गप्प व्हायचा.

नाव आमच्याबरोबर आली, असं मी म्हणते. माय म्हणायची, आपण नावेबरोबर आलो. तिचंच खरं होतं. सातपुड्यातल्या एका लहानशा संस्थानात माझे वडील, म्हणजे दादा, राजाच्या तलावातल्या शिडाच्या नावेची देखभाल करत. संस्थान विलीन झालं तेव्हा हत्ती एकीकडे गेला, मोटारी दुसरीकडे गेल्या आणि नाव कुठे पाठवायची हे कोणालाच ठरवता येईना. शेवटी कोणीतरी लिहिलं की तापीला पूर येतो, तेव्हा साहेब लोकांना पलीकडची गावं बघायला ती उपयोगी पडेल. मालगाडीवर घालून तिला बऱ्हाणपुरी आणलं, आणि यादीत शीड, वल्ही, साखळी, फ्रिज यांच्या खाली दादांचं नाव होतं. त्यांना नव्या सरकारच्या नोकरीत सामावून घ्यायचं की नाही, याचा कागद यायचा होता. तो येईपर्यंत घाटाच्या वरच्या अंगाला दोन खोल्या दिल्या होत्या. मायला यात आनंदच होता. तिचं माहेर जसोंडीचं, तिथून तिचा धाकटा भाऊ सुपडूमामा दर दोन दिवसांनी यायचा, आणि पुढे पुढे तर आमच्याकडेच राहायला लागला.

नाव म्हातारी होती. घाटावरचे भोई तिला ‘राजाची म्हातारी’च म्हणायचे. "काय दादा, म्हातारीनं आज किती पाणी प्यालं?" असं सकाळी सकाळी विचारायचे. ती रोज पाणी प्यायची हे खरंच होतं. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपायचं आणि तळात साठायचं. पहाटे उठून दादा आधी ते उपसायला जात. पत्र्याच्या डब्यानं पाणी उपसल्याचा खरडण्याचा आवाज आणि मग नदीत ते फेकल्याचा आवाज, या दोन आवाजांवर मी जागी व्हायची. खरड, फेक, खरड, फेक. माय चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत असायची. तिचे हात आणि खालचा डबा यांची एक लय जमलेली असायची. भाकरीवर ठेचा, वर तेलाची धार. मामा असला की तो फ्रिजमधलं दही मागायचा. दही इतकं गार असायचं की ठेच्याचा तिखटपणा आधी कळायचाच नाही, मग एकदम कळायचा आणि मामा उड्या मारायचा.

मामाचा आणि फ्रिजचा एक किस्सा आमच्या घाटावर वर्षभर पुरला. त्याला वाटलं, दूध टिकतं तर केळी का टिकू नयेत. त्यानं बागेतून आणलेल्या दोन फण्या गुपचूप आत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कोळशासारख्या काळ्या. केळीच्या मुलखातला माणूस केळी काळी करून बसला म्हणून भोयांनी त्याला हैराण केलं. "सुपडू, रात्री घासलेट पाजलं काय केळीले?" मामा म्हणायचा, "हाव, राजाच्या घरची केळी अशीच राहतात, तुम्हाले काय समजणार!"

दादांच्या कामाला दोन नियम होते. पहिला सपाटीचा. फ्रिजवर बशी ठेवायची, तीत काठोकाठ पाणी ओतायचं आणि कुठल्या बाजूनं सांडतं ते बघून पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवायच्या. त्यांच्याकडे पाणसळ होती, पण बशीवर त्यांचा जास्त विश्वास. ज्योत निळी हवी. पिवळी झाली की धुराड्यात काजळी धरते आणि फ्रिज तापायला लागतो. काजळी काढायला तारेला पिसं बांधलेला एक झाडू होता आणि ते काम माझं होतं. एकदा फ्रिज बसला, काही केल्या गार होईना. दादांनी मामाच्या मदतीनं त्याला चक्क डोक्यावर उभा केला आणि दिवसभर तसाच ठेवला. माय म्हणाली, "आता याची पूजा घाला." दुसऱ्या दिवशी सुलटा केला तर चालू. हे का होतं ते त्यांनी मला समजावलं होतं. आत नळ्यांत काहीतरी अडकतं, ते उलटं केलं की सुटतं.

दुसरा नियम मोरीचा. नावेच्या तळाशी, मागच्या बाजूला, अंगठ्याएवढं भोक होतं. दादा त्याला नावेची मोरी म्हणत. नाव काठावर ओढून ठेवली की पावसाचं पाणी आत साठून फळ्या कुजू नयेत म्हणून मोरी उघडी ठेवायची. नाव पाण्यात घालण्याआधी तिला पितळी बूच बसवायचं. बुचाला आटे होते, ते फिरवून घट्ट बसायचं. बूच नावेत ठेवायचं नाही, पितळ चोरीला जातं. ज्यानं काढलं त्यानं दोरीत ओवून गळ्यात घालायचं, आणि बूच गळ्यात असेपर्यंत घाट सोडायचा नाही. घाट सोडायचा असेल तर दुसऱ्याच्या हातात द्यायचं. देणाऱ्यानं म्हणायचं, "दिलं." घेणाऱ्यानं म्हणायचं, "घेतलं." दोन्ही शब्द ऐकू आले पाहिजेत. संस्थानातल्या जुन्या नावाड्याची ही रीत होती. दादा ती इथेही पाळत आणि आम्हाला पाळायला लावत. घाटावरच्या इतर कोणाला त्या पितळी तुकड्याचं काय, ते माहीतही नव्हतं.

मला बूच गळ्यात घालायला फार आवडायचं, हे आधीच सांगते. झग्याच्या आत ते गार लागायचं, धावताना छातीवर आपटायचं. मामा मला ‘बूचवाली बाई’ म्हणायचा. शाळेत माझ्या उच्चारांना मुली हसायच्या, डोंगरातली म्हणायच्या. घाटावर मात्र मी बूचवाली होते.

फ्रिजची कीर्ती गावात पोचली तशी माणसं यायला लागली. साहेबांचा शिपाई गार पाण्याच्या सुरया घेऊन यायचा. एक दिवस दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. केळीच्या बागांत पावसाळ्यात साप फार, आणि सापाची दवा गार राहिली नाही तर बिघडते. ती इथे ठेवता येईल का? दादांनी मायच्या दह्याचं भांडं खाली सरकवलं आणि वरचा कप्पा दवेला दिला. त्या दिवसापासून बशीतलं पाणी दिवसातून दोनदा बघायला लागले. "लोकाचा जीव आहे त्यात," ते म्हणायचे.

श्रावणात नाव डागडुजीला काठावर घेतली. ओंडक्यांवरून ओढून, आठ पायऱ्या वर. फ्रिज आमच्या खोलीत आणून सपाट केला. नाव अशी बाहेर असली की मला बरं वाटायचं नाही, तिचं पोट दिसायचं, हिरवं आणि सुजलेलं. सांध्यांतला जुना कापूस खरवडून काढायचा, नवा ठोकून भरायचा, वर गरम राळ ओतायची. दादा घाटाच्या दगडातल्या लोखंडी कड्या घासून त्यांना चरबी चोळायचे, गंजलेली साखळी घासलेटमध्ये बुडवून ठेवायचे. मामाला त्यांनी पुराची शिकवण दिली होती. पाणी चढायला लागलं की नाव कधी आवळून बांधायची नाही. आखूड दोर नावेला खाली ओढतो. दोर सैल सोडायचा, अगदीच झालं तर सोडून द्यायचा, आणि वल्ह्यानं काठ धरायचा. नाव तरंगते, तिच्यावर भरवसा ठेवायचा.

त्या दिवशी सकाळी कचेरीतून दादांना बोलावणं आलं. कागद आला होता, साहेबांना भेटायचं होतं. दादा धुतलेलं धोतर नेसले. निघताना बूच त्यांनी माझ्याकडे दिलं. "दिलं." "घेतलं." आमच्याकडे ऊन होतं. पाऊस पडला होता तो वर, डोंगरात, आणि तो आम्हाला दिसला नाही. तापी थोडी गढूळ झाली होती, एवढंच. मामा नावेखाली आडवा होऊन कापूस ठोकत होता. लाकडी हातोडीचा ठक ठक आवाज घाटाच्या भिंतीवरून परत यायचा.

वरून मायची हाक आली, "विमल! वर ये, लवकर!"

मामानं नावेखालून हात बाहेर काढला. "बूच दे आणि जा."

हात पुढे होता, बोटं उघडी होती. मी दिलं नाही. दिलं असतं तर परत मागावं लागलं असतं, आणि मामा चिडवून चिडवूनच द्यायचा. मी म्हटलं, "येतेच मी. वरच तर जातेय."

"बरं, बूचवाली बाई," तो म्हणाला, आणि ठक ठक पुन्हा सुरू झाली.

वर दवाखान्याचा माणूस धापा टाकत उभा होता. जसोंडीच्या बाजूच्या बागेत एका बाईला साप चावला होता, तिला बैलगाडीतून दवाखान्यात आणलं होतं, आणि त्याचा स्वतःचा पाय वाटेत मुरगळला होता. "बेबी, तू भाग के जा, मैं लंगडत येतो," असं काहीतरी तो अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलला. मायनं केळीच्या खांबाचं ओलं साल, सोपट, आणलं. दवेची बाटली त्यात गुंडाळली की उन्हातही गार राहते. वरून फडकं बांधलं आणि माझ्या हातात दिलं.

"दादा कचेरीत आहेत," मी म्हटलं.

"सुपडू आहे ना खाली. धाव तू."

मी धावले. बाजारपेठेपर्यंत गेल्यावर बूच छातीवर आपटलं आणि मला आठवलं. तिथे मी थांबले, किती वेळ ते सांगता येत नाही. हातातलं सोपट गार होतं. मागे फिरले असते तर दवा तापली असती. हे मी तेव्हा असंच मनात म्हटलं आणि पुढे गेले. इथवर मी स्वतःला माफ करू शकते. पण दवा डॉक्टरीणबाईंच्या हातात दिल्यावर मी लगेच परत फिरले नाही. दारात उभी राहिले. ती बाई खाटेवर पडली होती, ओठ निळे, आणि मी आणलेल्या दवेनं ती डोळे उघडते का ते मला बघायचं होतं. कोणीतरी मला शाबास म्हणावं असं वाटत होतं. तिनं बऱ्याच वेळानं पाणी मागितलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वेळेवर आणलीस हो." मग मी निघाले.

परतताना रस्त्यावर माणसं घाटाकडे पळत होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते मला घाटावरच्या इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलं की पाहिल्यासारखंच झालं आहे. पाणी भिंतीसारखं आलं, असं कोणी म्हणतं. कोणी म्हणतं, नाही, नुसतं फुगत गेलं, पायरी पायरी खात. नाव ओंडक्यांवरून उचलली गेली. मामा आत चढला. दोर कडीला ताणला, नाव कलली, तेव्हा त्यानं शिकवल्याप्रमाणे दोर सोडून दिला. माय वरच्या पायरीवर उभी होती. त्यानं तिला हात करून सांगितलं, काळजी नको. मग तो एकदम खाली वाकला. उठला तेव्हा अंगात सदरा नव्हता, तो त्यानं मोरीत कोंबला असणार. मग तो मागच्या फळीवर बसला आणि एक पाय तळाशी दाबून धरला. भोई ओरडत होते, "सुपडू, वल्हं मार! उठ, वल्हं मार!" वल्हं उभं राहून मारावं लागतं. त्याला उठता येत नव्हतं. बसल्या बसल्या तो हात चालवत राहिला आणि नाव खोल होत होत वळणापलीकडे गेली. एक भोई मला म्हणाला, "तो काहून उठत नव्हता, तेच समजलं नाही आम्हाले." मला समजलं होतं. त्यानं टाचेनं भोक दाबलं होतं.

दादा कचेरीतून धावत आले तेव्हा मी मधल्या पायरीवर उभी होते. त्यांनी नदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या झग्याच्या गळ्यातून दोरी दिसत होती. ते जवळ आले, दोरी माझ्या डोक्यावरून काढली आणि बूच खिशात घातलं. "घेतलं," ते म्हणाले. मी "दिलं" म्हटलं नाही.

मामा तिसऱ्या दिवशी खूप खाली सापडला. नाव सापडली नाही. चौकशी झाली ती आमच्याच खोलीत, फ्रिज चालू होता, वातीचा फुरफुर आवाज येत होता. साहेबांनी विचारलं, बूच कोणाकडे होतं? दादा म्हणाले, "माझ्याकडे. सकाळी मुलीकडून काढून घेतलं आणि विसरून कचेरीत घेऊन गेलो." आणि खिशातून काढून टेबलावर ठेवलं. माय दाराआड होती. मी तिच्या शेजारी होते. साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "खरं आहे का?" मी मान हलवली. कुठल्या दिशेनं हलवली ते मला आठवत नाही, पण त्यांनी ती ‘हो’ म्हणून लिहिली.

दादांना सामावून घेण्याचा कागद त्या दिवशी खरंच आलेला होता. तो परत गेला. फ्रिज सरकारजमा झाला. आम्ही घाट सोडून गावात भाड्याच्या खोलीत आलो आणि दादा कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्रीकाम करायला लागले. काम चांगलं करायचे, यंत्रावर त्यांचा हात होताच. घरी बोलायचे कमी.

माय त्यांना कधी एक शब्द वाकडा बोलली नाही. तिनं फक्त त्यांना हाक मारणं सोडलं. ताट वाढायची, गरम भाकरी, वर तूप, जे त्यांना आवडतं तेच. आणि मला म्हणायची, "जा, सांग त्यांना, ताट वाढलंय." ते दोन हातांवर, दोरीच्या बाजेवर बसलेले असायचे, त्यांना ऐकूही जायचं. तरी मी जाऊन सांगायची. माझं लग्न होईपर्यंत मी सांगितलं, नंतर माझा धाकटा भाऊ, घाटावर असताना पाळण्यात होता तो, सांगायचा.

आणि दर वर्षी जसोंडीकडची ती बाई यायची, अंजनाबाई तिचं नाव, केळीचा घड घेऊन. माय तिला रव्याचा गोड दराबा खायला घालायची आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "हिनं आणली होती तुझी दवा. धावत गेली होती." अंजनाबाई माझा हात कपाळाला लावायची. मी तिथून उठू शकत नसे. त्या एवढ्या वर्षांत मायनं माझं कौतुक केलं ते त्या एकाच दिवसाचं.

मी नंतर शाळेत विज्ञान शिकवलं, दोन मुलं वाढवली, घरातला नळ गळला तर पाना घेऊन स्वतः बसते. मला भुताखेतांचं काही वाटत नाही. पण बेसिन भरलेलं असलं आणि बूच काढलं, की शेवटचं पाणी जाताना जो घुटका घेतल्यासारखा आवाज होतो, तो मी ऐकत नाही. आधी नळ सोडते, मग बूच काढते. घरातल्यांना वाटतं, मी पाणी वाया घालवते.

दादांना मी एकदा विचारलं होतं, कॉलेजात असताना. मायला सांगू का? ते जिनिंगच्या पट्ट्याला टाका घालत होते. म्हणाले, "तिचा भाऊ गेलाय. मुलगी कशाला घालवतेस?" आणि सुई ओढली. त्यावर मी गप्प बसले आणि मला गप्प बसायचंच होतं, हेही खरं.

दादा गेल्यावर चार महिन्यांनी माय माझ्याकडे राहायला आली. एका दुपारी ती गव्हातले खडे निवडत होती आणि मी तिला सगळं सांगितलं. मामानं हात पुढे केला होता इथपासून दवाखान्याच्या दारात मी कशाला थांबले इथपर्यंत. ती ऐकत राहिली. बोटं चालू होती. संपल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"त्यांनी मला काहून नाही सांगितलं?"

मी सुपाबाहेर सांडलेले दाणे गोळा करत राहिले.

"मी बी तर म्हटलं होतं तुले, धाव म्हणून," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं, विमल. तो माणूस जेवायला बसायचा आणि मी दुसरीकडे तोंड करून उभी राहायची." तिनं पुन्हा सूप घेतलं. "तू बघत होतीस ना रोज?"

मी बघत होते. रोज मीच निरोप पोचवत होते.

संध्याकाळी तिनं हट्टानं स्वयंपाक स्वतः केला. मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होते. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. थोड्या वेळानं माझी सात वर्षांची मुलगी दारात आली.

"आई, आजी म्हणते, तुला सांग, ताट वाढलंय."

आतलं घर ते केवढं, चार पावलांचं. मी वह्या बाजूला ठेवल्या आणि जाऊन पानावर बसले. भाकरी गरम होती, वर तूप होतं. माय चुलीकडे तोंड करून उभी होती.